तुमच्या घरात स्वातंत्र्य कोणत्या तारखेला आले? (अनुभव धागा)

माझी मुलगी चौथीत असताना (आता ती नोकरी करते) तिला शाळेतून एक उपक्रम दिला होता: देश स्वतंत्र झाला त्या दिवशी आपले आजी-आजोबा काय करत होते, ते विचारून लिहायचे. माझ्या वडिलांचे बालपण साताऱ्याकडचे, त्यामुळे त्यांनी चावडीपुढची गॅसबत्ती, प्रभातफेरी आणि प्रत्येक मुलाच्या हातावर ठेवलेला गुळाचा खडा असे सगळे रंगवून सांगितले. लातूरकडच्या माझ्या सासऱ्यांनी मात्र ते ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाले, "आमच्याकडे त्या दिवशी काही झाले नाही." त्यांचे गाव निजामाच्या राज्यात होते. रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या, भीतीने त्यांच्या आईने मुलांना घेऊन सरहद्द ओलांडून बार्शी गाठली, तेव्हा तिच्या कनवटीला हाली सिक्का (निजामाचे नाणे) होता आणि बार्शीच्या बाजारात कलदार (इंग्रजी रुपया) चालत होता. एका रात्रीच्या चालीवर आपले पैसे परके ठरतात, हे त्यांना सातव्या वर्षी कळले होते. हैदराबाद संस्थान 17 सप्टेंबर 1948 रोजी शरण आले, म्हणजे त्यांचे स्वातंत्र्य तेरा महिन्यांनी उशिरा आले. मुलीने वहीत दोन्ही तारखा लिहिल्या. दुसऱ्या तारखेभोवती लाल गोल काढून शेजारी शेरा मिळाला, "तारीख तपासा."

तो शेरा माझ्या मनातून जात नाही. आपण सगळे एका देशाचे आहोत हे पुस्तकातून शिकलो खरे, पण तो देश आपापल्या घरात कसा आला, हे घरातल्याच कुणीतरी सांगितलेले असते. ते इथे लिहावे, ही विनंती.

मांडवीकाठ

आमच्याकडे गोव्यात देश 19 डिसेंबर 1961 रोजी आला. आजोबांचे 'प्रिमेर ग्राव', म्हणजे प्राथमिक शिक्षण, पोर्तुगीजमध्ये झालेले, मराठी ते देवळातल्या पोथीवरून शिकले. भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली तेव्हाच्या आजीच्या आठवणी मोठ्या मजेच्या होत्या, कारण त्या काळात बाजारात हॉलंडचे बटाटे येत आणि ते लवकर शिजतात की नाही यावर तिचे जावेशी वाद होत. मुंबईला नोकरीसाठी गेलेल्या आजोबांच्या थोरल्या भावाकडे जाणे मात्र परदेशी जाण्याइतके अवघड झाले होते. पोर्तुगीज गेले त्या दिवसाबद्दल विचारले, की ती आधी हेच सांगायची, की आता भाऊजी घरी येणार हे तिला कळले. राज्य बदलल्याचे त्यानंतर सांगायची.

ओसरी

मी थोडा वेगळा सूर लावतो, धागाकर्त्यांनी राग मानू नये. घरातल्या गोष्टी खऱ्या असतातच असे नाही, आणि कुणाची गोष्ट सांगायची हेही घरच ठरवते. आमच्या बैठकीच्या खोलीत आजोबांचा ताम्रपट होता. 1972 साली, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, स्वातंत्र्यसैनिक म्हणून मिळालेला. दर ऑगस्टमध्ये आजी तो भिंतीवरून उतरवून चिंचेच्या कोळाने घासायची, राखेने पुसायची आणि लखलखीत झाला की पदराने कोरडा करून पुन्हा खिळ्याला लावायची. आम्ही मुले भोवती बसून आजोबांच्या तुरुंगवासाची गोष्ट ऐकायचो आणि ती सांगायचे आजोबाच.

आजी गेल्यानंतर तिच्या धाकट्या बहिणीने सहज बोलता बोलता सांगितले, की बेचाळीसनंतर भूमिगतांच्या चिठ्ठ्या पोहोचवायचे काम तीन वर्षे आजीने केले होते. भाकरीच्या टोपलीत तळाला चिठ्ठी असायची. एकदा पोलिसाने टोपलीवरचे फडके उचलले आणि वरची भाकरी खाऊन निघून गेला, हेही त्या बहिणीनेच सांगितले. ताम्रपटाच्याच वर्षी, 1972 मध्ये, सुरू झालेल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनासाठी सर्वसाधारणपणे किमान सहा महिन्यांचा तुरुंगवास लागत असे. जी कधी सापडलीच नाही, तिच्या नावाचा कागद कुठून असणार? मला सरकारचा राग येत नाही, कागदाशिवाय त्यांनी तरी काय करावे. राग येतो तो आमच्या घराचा, कारण ताम्रपट घासणाऱ्या बाईला कुणी एकदाही विचारले नाही.

धागाकर्ती

राग कसला, हेच हवे होते. टोपलीचा प्रसंग आजच लिहून ठेवा, तारीख आठवत नसली तरी चालेल.

तीन तारा

आमची मोजणी सगळ्यांना तोंडपाठ आहे: देशानंतर पाच वर्षे आणि सोळा दिवस. इंग्रजांनी आमच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या होत्या. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी देशातून रद्द झाला, आणि आम्ही पाळतो तो विमुक्त दिन त्याच तारखेचा. माझे पणजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड वाढले. दिवसातून ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची आणि बाहेर पडायला पास काढायचा, असा तो जन्म. कुंपण गेल्यावर पुष्कळ वर्षांनीसुद्धा झोपेत कुणी त्यांचे नाव घेतले, तर ते "हजर" म्हणून उठून बसत. वडील हे सांगताना हसतात, पण मला अजून हसता आलेले नाही.

गल्ली नंबर दोन

लिहावे की नाही, असा विचार दोन दिवस करत होतो. आम्ही उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातले मुसलमान. धाग्याच्या सुरुवातीला 17 सप्टेंबर ही जी तारीख आहे तीच आमचीही, पण आमच्या घरात ती साजरी झाली नाही. रझाकारांनी केलेले अत्याचार खरे आहेत, आणि पोलीस अ‍ॅक्शननंतर (भारतीय सैन्याच्या हैदराबादवरील कारवाईनंतर) आमच्यासारख्या रझाकारांशी काही संबंध नसलेल्या घरांवर जे ओढवले तेही खरे आहे. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने फिरून त्याचा अहवाल दिला, पण तो अनेक दशके लोकांपुढे आला नाही. दादी सांगायची, की शेजारच्या पाटलीणबाईंनी तिला दोन लेकरांसह तीन रात्री वाड्याच्या बळदात लपवले. चौथ्या दिवशी ती घरी परतली. "फिर क्या हुआ?" असे आम्ही विचारायचो, तेव्हा ती दर वेळी एकच उत्तर द्यायची, "फिर बारिश हुई." पाटलांच्या घरी लग्न निघाले, की पहिली पत्रिका आजही आमच्याकडे येते.

बॅरेक

उल्हासनगरचा सिंधी, पण शाळा मराठी, म्हणून इथे वाचतो. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत निर्वासितांना उतरवले आणि 1949 मध्ये तिचे उल्हासनगर झाले, तरी आम्ही पत्ता अजूनही कॅम्प नंबरनेच सांगतो. आमच्या घरात देश आला असे म्हणता येणार नाही, आमचे घरच उठून देशाकडे आले. राष्ट्रगीतातून 'सिंध' हा शब्द काढावा अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात गेली होती आणि 2005 मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. ती बातमी मी आजोबांना वाचून दाखवली. त्यांनी चष्मा मागितला, बातमी स्वतः पुन्हा वाचली आणि वर्तमानपत्राची घडी घालून उशाखाली ठेवली. शाळेच्या झेंडावंदनाला ते माझ्याबरोबर येत, तेव्हा त्यांचे ओठ त्या एका शब्दापुरतेच हलताना मी पाहिले आहेत. बाकीचे राष्ट्रगीत ते ऐकत उभे राहत.