करारातील पदनाम बदलल्याने कर्मचाऱ्याचे हक्क संपतात का?

प्रश्न :
मी एका कंपनीत कायम पगारी कर्मचारी आहे. व्यवस्थापनाने आता माझ्यापुढे नवा करार ठेवला असून त्यात माझा उल्लेख ‘स्वतंत्र सल्लागार’ असा आहे. काम, वेळ आणि वरिष्ठ तेच राहतील. भरपगारी रजा आणि नोटिशीचा कालावधी मात्र जाईल. सही केल्यास माझे कायदेशीर हक्क संपतील का?

उत्तर १ :
केवळ कागदावरच्या नावाने ते संपत नाहीत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००६ मधील शिफारस क्रमांक १९८ नुसार, करारात काहीही लिहिलेले असले तरी नाते नोकरीचे आहे की नाही हे मुख्यतः काम प्रत्यक्षात कसे चालते आणि मोबदला कसा मिळतो यावरून ठरवावे. कामाची वेळ व जागा कोण ठरवतो, साधने कोणाची, काम स्वतःच करावे लागते का आणि उत्पन्न याच एका ठिकाणाहून येते का, हे त्यात पाहिले जाते. आपल्या वर्णनावरून तरी येथे फक्त पाटी बदललेली दिसते. अर्थात शिफारस म्हणजे कायदा नव्हे. निर्णय त्या त्या देशाच्या कायद्यानुसारच होतो.

उत्तर २ :
तत्त्व बरोबर आहे, तरीही ‘आधी सही करू, मग लढू’ असा सल्ला मी देणार नाही, कारण वस्तुस्थिती सिद्ध करण्यात वेळ आणि पैसा आपलाच जाईल. बदलाचे कारण लेखी मागा. उत्तर तोंडी मिळाले तर त्याच दिवशी त्याचा गोषवारा ईमेलने पाठवा. नियुक्तिपत्र, पगारपत्रके आणि हजेरीच्या नोंदींच्या प्रती स्वतःजवळ ठेवा, कारण कार्यालयीन खाते कधी बंद होईल ते सांगता येत नाही. कंपनीच्या गोपनीय कागदांना मात्र हात लावू नका.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. तक्रार केली म्हणून कामावरून काढले तर?

उत्तर १ :
याच संघटनेच्या १९८२ च्या करारनामा क्रमांक १५८ प्रमाणे कर्मचाऱ्याची क्षमता, त्याचे वर्तन किंवा उद्योगाची गरज यांच्याशी निगडित वैध कारणाशिवाय काढता येत नाही, आणि कायदाभंगाबद्दल मालकाविरुद्ध तक्रार करणे हे वैध कारण ठरत नाही. तो स्वीकारलेल्या देशांवरच बंधनकारक आहे. इतरत्र स्थानिक कायदा पाहावा लागेल.

उत्तर ३ :
मुदतीचा मुद्दा राहिला. कंपनीतील अंतर्गत तक्रार चालू असताना बाहेरच्या दाव्याची मुदत थांबतेच असे नाही, आणि काही देशांत ती जेमतेम काही महिन्यांची असते. त्यामुळे वकिलाला किंवा कामगार संघटनेला भेटाल तेव्हा दाव्याची शेवटची तारीख सर्वांत आधी विचारा.