लेआऊटमधला पालापाचोळा: जाळायचा की जिरवायचा?

संत्रानगरी:
माघ सरत आला की आमच्या नागपुरातल्या मानेवाड्याकडच्या लेआऊटमध्ये (प्लॉट पाडून वसवलेल्या वसाहतीत) कडुनिंब आणि पिंपळ पानं टाकायला लागतात. सकाळी झाडणं होतं, कोपऱ्यावर ढीग लागतो आणि काडी पडते. थंडीत धूर वर जातच नाही, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीशी तरंगत राहतो. शेजारच्या दम्याच्या आजी ऊन चढेपर्यंत दार उघडत नाहीत. उघड्यावर कचरा जाळायला घनकचरा नियमांत बंदी आहे. २०१६ मध्ये हरित लवादाने साध्या जाळण्याला ५,००० आणि मोठ्या ढिगाला २५,००० रुपये दंड ठरवला. माझं म्हणणं एवढंच: ओपन स्पेसच्या कोपऱ्यात खड्डा करू, पानं तिथं जिरवू. रविवारी घरटी एक माणूस तासभर यावा.

तर्रीपोहे:
आपल्याला मंजूर नाही. घरपट्टी भरतो ना आपण? मग खराटाही आपणच धरायचा? एकदा श्रमदान सुरू झालं की महापालिकेच्या झोनवाल्यांचं फावतं. "लेआऊटवाले करून राहिले ना, आपण कायले जायचं?" आमच्या गल्लीत नालीचं हेच झालं. एका उत्साही काकांनी दोनदा स्वतः उपसली. आता तक्रार केली की विचारतात, "तुमचे ते काका कुठं गेले?"

गच्चीवरून:
दंड म्हणता, पण पावती कोणाच्या नावे फाडणार? आमच्याकडे काडी लावते ती झाडणारी बाई. तिच्याजवळ एक खराटा आणि तळ फाटलेली टोपली. कचरागाडीवाला पानांची पोती घेत नाही, ढीग तसाच ठेवला तर मुकादम बोलतो, वाऱ्यानं पसरला तर आपण बोलतो. तिनं करावं काय? आणि आपलीच मंडळी रात्री त्याच पानांची शेकोटी करतात तेव्हा धूर लागत नाही वाटतं.

संत्रानगरी:
तिला दंड नकोच, म्हणून तर खड्डा म्हणतेय. शेकोटीचं मान्य, तीही बंद व्हावी.

जुना_भाडेकरू:
पिंपळच तोडा ना, कटकट मिटेल.

गच्चीवरून:
१९७५ चा झाडांचा कायदा आहे, विनापरवानगी फांदीलाही हात लावता येत नाही. आणि मे महिन्यात गाडी कुठं लावता हो तुम्ही? त्याच पिंपळाखाली ना?

सेवानिवृत्त:
खड्डा आमच्याकडे करून झाला. नुसती पानं टाकली तर ती वर्षभर पानंच राहतात. शेणकाला लागतो, मधेमधे माती लागते, खालीवर करावं लागतं आणि मुख्य म्हणजे ओल लागते. इथं मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. खड्डा कोरडा ठक्क पडला, कोणीतरी बिडीचं थोटूक टाकलं आणि खड्डाच पेटला! त्यापेक्षा पानं झाडाच्या आळ्यात पसरवा, उन्हाळ्यात मुळांना गारवा राहतो. पण आळं आहे कुठं? सिमेंट रस्ता करताना थेट बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतून ठेवलंय.

तर्रीपोहे:
हेच म्हणतोय बाप्पा! बुंधे मोकळे असते तर बरीच पानं तिथंच जिरली असती. हे प्रभागातल्या नगरसेवकांना विचारा ना. जवळपास चार वर्षं महापालिकेवर प्रशासक होता, विचारायला कोणी नव्हतं. २०२६ च्या जानेवारीत मतं मागायला सगळे दारोदार येऊन गेले. निवडून दिले कशाला मग?

संत्रानगरी:
विचारू की. बुंधे मोकळे करायचा अर्ज मी लिहिते, पंचवीस-तीस घरांच्या सह्या तुम्ही आणा. पण पानं आज पडताहेत. काँक्रीट फुटेपर्यंत आजींनी श्वास रोखून बसायचं का?

तर्रीपोहे:
सह्या आणतो. फावडं धरणार नाही.

सेवानिवृत्त:
खड्ड्याचा हट्टच असेल तर खोल नको, गुडघाभर पुरे. वर ओलं गोणपाट टाका. पोरांच्या क्रिकेटच्या पिचपासून लांब घ्या, नाहीतर पहिलं भांडण तिथंच होईल. आणि एप्रिल-मेमध्ये पाणी कोणाच्या बोअरचं, ते आधी ठरवा.

गच्चीवरून:
आमची बोअर मार्चअखेर आटते. पुढचं कोणी सांगा.