सीक्रेटच्या आवृत्त्यांची यादी मागण्याचा अधिकार चालू ॲप्लिकेशनला द्यावा का?

मूळ मत
गूगल क्लाउडच्या सीक्रेट मॅनेजरमध्ये, म्हणजे पासवर्ड, की यांसारखी गुप्त मूल्ये (सीक्रेट) ठेवण्याच्या सेवेत, एखाद्या सीक्रेटच्या सर्व आवृत्त्यांची (मूल्य बदलले की नव्या क्रमांकाची आवृत्ती तयार होते) यादी एपीआयद्वारे, म्हणजे कोडमधून, मागवता येते, आणि चालू ॲप्लिकेशनच्या सर्व्हिस अकाउंटलाच (ते ज्या खात्याने काम करते त्यालाच) ही परवानगी देण्याची पद्धत मला सर्वस्वी चुकीची वाटते. ॲप्लिकेशनला फक्त मूल्य वाचायचे असते. त्यासाठी सीक्रेट ॲक्सेसर ही भूमिका पुरेशी आहे आणि तिच्यात यादीची परवानगी नसते. कोणती आवृत्ती वापरायची हे डिप्लॉयमेंटच्या (ॲप्लिकेशन सर्व्हरवर चढवण्याच्या) वेळीच ठरवून तिचा क्रमांक कॉन्फिगमध्ये (सेटिंगमध्ये) लिहावा.

प्रतिसाद १
मी असहमत आहे. यादीत आवृत्तीचे नाव, निर्मितीची वेळ आणि स्थिती मिळते. मूल्य मिळत नाही. उलट यादी न पाहिल्याचा फटका आम्हाला बसला आहे. सातव्या आवृत्तीत चुकीचा पासवर्ड गेला होता, म्हणून सहकाऱ्याने ती डिसेबल केली. सहावी व्यवस्थित चालू होती. तरीही रीस्टार्ट झालेली प्रत्येक प्रोसेस पडू लागली, कारण आमचा कोड 'लेटेस्ट' मागत होता, आणि लेटेस्ट म्हणजे सर्वांत शेवटी तयार झालेली आवृत्ती, मग ती बंद का असेना. यादी मागवून फक्त एनेबल्ड आवृत्त्या गाळून घेतल्या असत्या, तर सहावी आपोआप हाती आली असती.

मूळ लेखकाचे उत्तर
कॉन्फिगमध्ये सहा हा क्रमांक असता, तर सातवीने काहीच बिघडले नसते. शिवाय आपण सुचवलेला मार्ग अधिक धोक्याचा आहे. समजा, सहाव्या आवृत्तीतली की बाहेर फुटली म्हणून सातवी तयार केली, पण सहावी बंद करायची राहून गेली, आणि पुढे काही कारणाने सातवी डिसेबल झाली. अशा वेळी ॲप्लिकेशन कोणालाही न कळवता फुटलेल्या कीवर परत जाईल. त्यापेक्षा ते बंद पडलेले मला चालेल.

प्रतिसाद २
ॲप्लिकेशनपुरते मी मूळ लेखकाशी सहमत आहे. मात्र जुन्या आवृत्त्या तपासणाऱ्या स्वतंत्र जॉबला (आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामला) यादी लागतेच, आणि खऱ्या चुका तिथेच होतात. यादी पानापानाने येते, म्हणून पुढच्या पानाचे टोकन (ते पान मागण्याची खूण) रिकामे येईपर्यंत मागणी करत राहावे लागते. पहिल्याच पानावर थांबणारा कोड मी रिव्ह्यूमध्ये एकदा नव्हे, अनेकदा परत पाठवला आहे. एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाउडच्या) सीक्रेट्स मॅनेजरमध्ये तर स्टेजिंग लेबल (आवृत्ती चालू की मागील हे सांगणारी खूण) नसलेल्या आवृत्त्या यादीत मुळातच येत नाहीत. त्या हव्यात असे वेगळे सांगावे लागते. हे माहीत नसेल तर तपासणीचा अहवाल विनाकारण स्वच्छ दिसतो.

प्रतिसाद १ चे पुन्हा उत्तर
फुटलेल्या कीवर परत जाण्याचा मुद्दा मला मान्य आहे. तो माझ्या लक्षात आला नव्हता. क्रमांक पक्का करण्याबाबत मात्र माझी शंका कायम आहे. एकच सीक्रेट अनेक सर्व्हिस वापरत असतील, तर की फुटल्यावर प्रत्येकीचा क्रमांक बदलून, रिव्ह्यू घेऊन ती पुन्हा डिप्लॉय होईपर्यंत जुनी की बंद करता येत नाही, आणि तेवढा वेळ ती चोराच्या हातात चालूच राहते.