कुपी आपोआप सरळ होते, मग थ्रस्टर कशाला?

अमळनेरकर:
काल धुळ्याच्या नानांनी येथे ठासून लिहिले की, अंतराळवीरांना परत आणणारी बोथट तळाची कुपी वातावरणात शिरताच बॅडमिंटनच्या फुलासारखी आपोआप सरळ होते, म्हणून गगनयानाच्या कुपीवरचे १२ थ्रस्टर, म्हणजे तिला वळवणारी छोटी इंजिने, हे निव्वळ जादा वजन आहे. सरळ होणे वेगळे आणि हव्या त्या जागी उतरणे वेगळे. अमेरिकेच्या अपोलो चांद्रयानाच्या कुपीचा गुरुत्वमध्य मुद्दाम अक्षाच्या बाजूला ठेवलेला होता. त्यामुळे ती किंचित तिरकी राहून थोडे उत्थापक (हवेत उचलून धरणारे) बल मिळवत असे, आणि ते बल वर, खाली की बाजूला वळवायचे हे थ्रस्टर तिला अक्षाभोवती फिरवून ठरवत.

धुळ्याचे नाना:
भाऊ, १९६९ चे सोव्हिएत यान सोयूझ-५ आपण सोयीस्कर विसरलात. कुपीला जोडलेला सेवाकक्ष (इंजिन, इंधनाचा भाग) सुटला नाही, अंतराळवीर वोलिनोव यांची कुपी उलट्या तोंडाने वातावरणात शिरली आणि सेवाकक्ष तुटून पडताच स्वतःहून वळली. माणूस जिवंत परतला, आणखी काय हवे?

अमळनेरकर:
परतला, पण ठरलेल्या जागेपासून शेकडो किलोमीटर दूर, उरलच्या बर्फात. २००८ मध्ये सोयूझ टीएमए-११ अशीच अनियंत्रित मार्गाने आली, तेव्हा तिघांनी गुरुत्वाच्या सुमारे आठपट भार सोसला. बसून पाहा एकदा.

भुसावळची ताई:
दोघेही डोलण्याविषयी गप्प आहात. स्थिर दिसणारी बोथट कुपी ध्वनिवेगाच्या आसपास येताना झोके वाढवू लागते. ते आवरायलाही थ्रस्टर लागतात. आमच्या महाविद्यालयातील विंड टनेलची (वाऱ्याचा झोत सोडून प्रतिकृती तपासण्याच्या बोगद्याची) किल्ली वर्षभर एका खणात पडून होती. शेवटी भांडून ती मिळवली आणि दोऱ्याला टांगलेल्या लाकडी कुपीचे झोके वाढताना मी स्वतः पाहिले.

धुळ्याचे नाना:
ताई, मंद वाऱ्यातील दोऱ्यावरच्या लाकडाने ध्वनिवेगाचे काय सिद्ध होते? किल्लीचे गाऱ्हाणे प्राचार्यांकडे न्यावे. थ्रस्टरांवर एवढाच विश्वास असेल, तर २००८ मध्ये मंगळावर उतरलेल्या फिनिक्स यानाचे काय? थ्रस्टरांचे झोत कुपीमागील प्रवाह बिघडवून उलटाच परिणाम घडवतील, या भीतीने नियंत्रणाची सहनमर्यादा, म्हणजे कुपी किती डोलेपर्यंत थ्रस्टर पेटू नयेत ती मर्यादा, इतकी रुंद ठेवली की प्रवेशकाळात ते जवळपास गप्पच राहावेत.

भुसावळची ताई:
टनेल मंद होते, हे मान्य. परंतु किल्ली कुलूपबंद ठेवणाऱ्यांनीच पुढे आम्हाला प्रात्यक्षिकाचे गुण दिले, हे आपण विसरू नये.

अमळनेरकर:
फिनिक्सचा मुद्दा खरा आहे. नानांनी एकदा तरी वाचून लिहिले, याचा आनंद आहे. मात्र फिनिक्सला वाट बदलायचीच नव्हती. २०१२ मध्ये मंगळावर गेलेल्या क्युरिऑसिटी गाडीने प्रवेशातच वाट सुधारली आणि ती लक्ष्यापासून सुमारे २.४ किलोमीटरवर उतरली.

धुळ्याचे नाना:
बरे, फिरवण्यापुरते थ्रस्टर ठेवा. पण १२ कशाला?

अमळनेरकर:
अपोलोच्या कुपीवरही १२ च होते, सहा-सहांचे दोन स्वतंत्र संच. एक बंद पडला तरी दुसऱ्यावर माणसे घरी यावीत म्हणून. त्यातला कोणता संच जादा, ते आपणच सांगा.