पारसिकचा बोगदा आणि ठाण्यापुढचा जुना मार्ग

प्रश्न – डोंबिवलीकर
नोकरीनिमित्त काही वर्षे बाहेरगावी राहून नुकताच परतलो. पूर्वी ठाणे सुटले, की जलद लोकल खाडी ओलांडून पारसिकच्या बोगद्यात शिरत असे. आता तीच लोकल मुंब्रा स्थानक न थांबता ओलांडते. हा बदल केव्हा व कशासाठी झाला? आणि मुंब्र्याचा हा मार्ग १८५४ सालचाच आहे का?

प्रतिसाद – खाडीकाठ
होय, वाट मुळात तीच आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्यापर्यंतच आली होती. कल्याणपर्यंतचा टप्पा १ मे १८५४ रोजी सुरू झाला. ठाण्यापुढे आधी खाडी आणि तिच्या पलीकडे पारसिकचा डोंगर असल्यामुळे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने खाडीवर पूल बांधला आणि रूळ डोंगराच्या पायथ्याने, खाडीच्या कडेकडेने मुंब्र्याला वळसा घालून नेले. मुंब्र्याचे वळण म्हणतात ते हेच. पुढे १९१६ मध्ये सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा बोगदा खुला झाला आणि डोंगराला घालावा लागणारा वळसा टळला. धीम्या लोकल कळवा-मुंब्रा मार्गे आणि जलद गाड्या बोगद्यातून, ही आपल्या पिढीला ठाऊक असलेली विभागणी त्यातूनच आली.

प्रतिसाद – रोजचा प्रवासी
बदल फेब्रुवारी २०२२ चा. कुर्ला ते ठाणे आणि दिवा ते कल्याण या टप्प्यांत सहा मार्गिका आधीच होत्या, मधल्या ठाणे-दिवा टप्प्यात मात्र चारच. त्यामुळे मेल-एक्सप्रेस आणि जलद लोकल बोगद्यातल्या त्याच दोन रुळांवरून धावत आणि एखादी एक्सप्रेस रखडली, की मागच्या लोकल दिव्याबाहेर खोळंबून राहत. मग धीम्या लोकलसाठी नवे रूळ टाकले, जुन्या धीम्या मार्गावर जलद लोकल आणल्या आणि बोगदा मेल-एक्सप्रेसला दिला. शेवटच्या जोडणीसाठी ७२ तासांचा मेगाब्लॉक घेतला होता. आमचे फार हाल झाले, पण काम आवश्यकच होते, असे मी आजही म्हणेन.

प्रतिसाद – कळवेकर
एक दुरुस्ती सुचवतो. वाट १८५४ ची असली, तरी रूळ, खडी, विजेच्या तारा यांतले त्या काळचे आज काही उरलेले नाही. बोगद्याची आठवण मात्र जात नाही. आत शिरताच कानांत दडे बसायचे, डब्यातल्या गप्पा आपोआप थांबायच्या, पावसाळ्यात दाराशी उभ्या असलेल्यांच्या अंगावर भिंतीवरून झिरपणारे पाणी उडायचे आणि बाहेर पडताच दिव्याला उतरणारे दाराकडे सरकू लागायचे.

डोंबिवलीकर
सर्वांचे मनापासून आभार. पुढच्या वेळी पुण्याला जाताना ठाण्याहून एक्सप्रेस धरीन आणि मुलीला तो बोगदा दाखवीन.