सतार, अमीर खुस्रो आणि मिरज: चुकीचा इतिहास पुढे ढकलू नका

कृष्णाकाठ
मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून एक मजकूर सांगली-मिरजेच्या प्रत्येक गटात फिरतोय: 'सतार तेराव्या शतकात अमीर खुस्रोने शोधली आणि मिरजेच्या कारागिरांनी ती ७०० वर्षं जपली.' या वाक्याचे दोन्ही भाग चूक आहेत. काल तो एका संगीत शिक्षकांनीही पुढे ढकलला, म्हणून सविस्तर लिहितोय.

खुस्रो १२५३ ते १३२५ मधला. वाद्यांबद्दल त्याने भरपूर लिहिलंय, पण त्यात सतार नाही. सतार ठळकपणे दिसते ती दर्गाह कुली खानाने केलेल्या दिल्लीच्या वर्णनात, १७४० च्या आसपास. त्याच काळात ख्यालांचे रचनाकार सदारंग यांच्या घरातला खुस्रो खान दिल्लीत सतार वाजवत होता. पुढे दोन खुस्रो एक झाले आणि वाद्याचं वय चारशे-साडेचारशे वर्षांनी वाढलं.

मिरजेचं काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनचं. शिकलगार मंडळी तलवारी-भाल्यांना धार लावणारी. संस्थानी फौजा आटल्या, हत्यारांचं काम गेलं, आणि फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तंतुवाद्यांत हात घातला. धातू घासून पातं सरळ करणारा हात आता घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर) कानस फिरवू लागला. ही खरी गोष्ट असताना ७०० वर्षांचं खोटं कशाला?

आलापिनी
खुस्रोबद्दल मान्य. पण तुमच्या लिहिण्याचा अर्थ 'सतार बाहेरून आली' असाच निघतो, आणि तो मला मान्य नाही. देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात एकतंत्री, त्रितंत्रिका, किन्नरी, आलापिनी अशा वीणा नोंदवल्यात. तीन तारांची वीणा इथे असताना सतारीचं मूळ दिल्लीत आणि इराणात का शोधायचं?

कृष्णाकाठ
कारण तारा मोजून वाद्याचं कूळ ठरत नाही, बांधणीवरून ठरतं. बीनेची (रुद्रवीणेची) दांडी नळीसारखी, तिच्याखाली दोन भोपळे टांगलेले, पडदे (सुरांच्या जागांवरच्या आडव्या पट्ट्या) मेणात घट्ट बसवलेले. सतारीत भोपळा दांडीच्या टोकाला गळ्याने सांधलेला, वर लाकडी तबली (भोपळ्याचं तोंड झाकणारी फळी), पडदे दोऱ्याने बांधलेले आणि रागाप्रमाणे सरकवता येणारे. ही बांधणी इराण-मध्य आशियातल्या लांब मानेच्या वाद्यांची. तरफा, म्हणजे मुख्य तारांखाली आपोआप झंकारणाऱ्या तारा, तर एकोणिसाव्या शतकात आल्या.

आलापिनी
आणि घोडी? इराणी सेतारची घोडी म्हणजे अरुंद लाकडी पट्टी. तार तिच्यावर एका रेषेत टेकते, आवाज स्वच्छ आणि तोकडा. सतारीची घोडी रुंद, बीनेसारखी. सतारीला सतार करणारी जवारी, म्हणजे तो झणझणता भरलेला नाद, त्या घोडीतून येते. सांगाडा बाहेरचा म्हणा हवं तर, आवाज इथलाच आहे.

कृष्णाकाठ
घोडीचा मुद्दा बरोबर आहे. तेवढा मानतो, त्यापुढे नाही.

तारगहन
जवारीचं नाव निघालंच आहे तर स्पष्ट बोलतो. मूळ कुठलं यावर भांडणाऱ्यांपैकी किती जणांच्या घरचा तंबोरा आज जवारीत आहे? घोडीचा माथा सपाट नसतो, त्याला अगदी हलका उतार असतो. तार त्यावरून सुटताना घासत थरथरते. तारेखाली सुती दोरा सरकवला की एका ठिकाणी नाद फुलतो. केसभर पुढे-मागे झाला की मिटतो. वर्षानुवर्षं वाजून तारेची खाच पडली की दोरा कितीही हलवा, आवाज चिरका येतो किंवा मरतो. मग तारा उतरवून माथा कानशीने पुन्हा घासावा लागतो.

हे न करता लोक तारेला दोष देतात. दुसरी चूक: पुरुषी तंबोरा काळी एकसाठी (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरासाठी) बांधलेला असतो, तो मुलीसाठी काळी चारला चढवतात, त्याच जाड तारांवर. तार तुटते, नाही तुटली तर दांडीवर ताण येऊन ती वाकते. पट्टी (म्हणजे सा चा सूर) बदलायची तर तारांची जाडी बदला, खरं तर वाद्यच वेगळं घ्या. भोपळाही नीट बघून घ्या. वेलावर पुरता न पिकलेला भोपळा वाळल्यावर पातळ राहतो, त्याला कीड लागते आणि गळ्याच्या सांध्याशी तडा जातो.

आणि एवढं सगळं सांभाळून शेजारी पेटी (हार्मोनियम) ठेवतात! १८४२ ला पॅरिसमध्ये दबँने पेटंट घेतलेलं वाद्य. आकाशवाणीने १९४० ते १९७१ त्यावर बंदी घातली होती, ती उगाच नाही.

भाता
बंदीचं कौतुक पुरे झालं. पेटी नसती तर महाराष्ट्रात संगीत नाटक गावोगावी पोचलंच नसतं. पाय-भात्याचं जड धूड कलकत्त्यात द्वारकानाथ घोषांनी हातभात्याचं केलं, म्हणून ते बैठकीत मांडी घालून वाजवता आलं. पॅरिसचं म्हणून पेटी नाकारायची तर वर इराणी बांधणीचं समर्थन कशाला वाचलंत?

तारगहन
परदेशी म्हणून नाकारत नाही. बेसूर आहे म्हणून नाकारतो. शुद्ध गंधार सा पासून ३८६ सेंटवर (सेंट म्हणजे सुरांतलं अंतर मोजायचं माप, सप्तकात १२००), पेटीचा ४००. धैवत ८८४ ऐवजी ९००. पंचमात फरक दोनच सेंटचा, तो कुणाला कळत नाही. गंधार मात्र तंबोऱ्याच्या खर्जातून (सर्वांत खालच्या सा च्या तारेतून) आपोआप बोलतो, तिथे पेटी उघडी पडते.

भाता
म्हणून गंधार जुळवणी करून देणारे कारागीर आहेत. सुराच्या पितळी पातीचं टोक खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. गंधार-धैवत हवे तिथे आणता येतात.

तारगहन
एकाच सा साठी. पट्टी बदलली की तेच गंधार दुसऱ्या कुठल्यातरी जागी बसून जास्त खटकतात.

आलापिनी
हा वाद सांगलीत शंभर वर्षांपूर्वीच झालाय! कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली श्रुतींवर (सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांवर) पुस्तक छापलं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातले स्वर मोजले, आणि क्लेमंट्स या आयसीएस अधिकाऱ्यासोबत २२ श्रुतींची पेटी करून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या परिषदेत ती मांडली, तिथे ती मान्य झाली नाही. सुरांची संख्या वाढवली तरी मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) येत नाही, हा दोष तसाच राहतो.

भाता
मींड येत नाही हे कबूल. म्हणून चांगला पेटीवाला गायक गंधारावर थांबला की बोट उचलतो.

तारगहन
मग ऐकून बघा. काळी एकला तंबोरा लावा, खर्ज छेडा आणि पेटीवर तार सप्तकातली पांढरी चार दाबून धरा. खर्जातला गंधार ३४६.५ हर्ट्झ, पेटीचा ३४९.२. सेकंदाला जवळजवळ तीन लाटा स्पष्ट ऐकू येतात. जवारी मात्र आधी नीट करून घ्या. बंद जवारीत तो गंधार बोलतच नाही, आणि पेटी निर्दोष ठरते.