‘जन गण मन’ची जन्मकथा सांगताना मुलांपुढे पंचम जॉर्जचा वाद काढावा का?

खडूफळा
पाचवी-सहावीच्या मुलांसाठी राष्ट्रगीताच्या जन्माची गोष्ट लिहायला घेतली आहे. २७ डिसेंबर १९११, कलकत्ता, काँग्रेस अधिवेशनाचा दुसरा दिवस. रवींद्रनाथ ठाकुरांचं हे गाणं तिथे पहिल्यांदा गायलं गेलं. इथपर्यंत सगळं सरळ आहे. पण ‘हे गाणं इंग्रज राजा पंचम जॉर्जसाठी लिहिलं’ हा फॉरवर्ड मुलांच्या घरी पोचतोच. माझं मत ठाम आहे, वाद गोष्टीतच सांगून टाकावा. तुम्हाला काय वाटतं?

सांजवात
असहमत. पोरांना आधी अर्थ तरी कळू दे. ५२ सेकंद ताठ उभं राहायला आपण शिकवतो, पण ‘उत्कल’ म्हणजे ओडिशा हे किती जणांना ठाऊक असतं? त्यात संशय पेरलात तर तेवढाच लक्षात राहील.

कडुनिंब
वाद झाकून का ठेवायचा? १२ डिसेंबरला पंचम जॉर्जच्या राज्याभिषेकानिमित्त दिल्ली दरबार भरला आणि पंधरवड्यात हे गाणं आलं. त्याच अधिवेशनात राजाच्या स्वागताचा ठराव झाला. शेवटच्या कडव्यात तर चक्क ‘जय राजेश्वर’ आहे. हेही सांगा मुलांना.

खडूफळा
@कडुनिंब, तुमचे मुद्दे खरे आहेत, पण त्यातून काढलेला अर्थ पटत नाही. राजाच्या गौरवाचं एक हिंदी गाणं त्या दिवशी झालं, ते वेगळंच. कलकत्त्याच्या इंग्रजी वर्तमानपत्रांनी दोन्ही गाण्यांची सरमिसळ करून बातमी छापली आणि घोळ तिथून सुरू झाला. पुढे १९३७ मध्ये रवींद्रनाथांनीच एका पत्रात लिहिलं, की गाण्यातला युगानुयुगांचा सारथी कुठलाच जॉर्ज असू शकत नाही.

कडुनिंब
पत्र २६ वर्षांनंतरचं. तोवर हवा पालटली होती. असा खुलासा कुणीही करेल.

खडूफळा
मग पत्र बाजूला ठेवू. जानेवारी १९१२ मध्ये, म्हणजे लगेचच, हे गाणं ब्राह्मो समाजाच्या ‘तत्त्वबोधिनी पत्रिके’त ब्रह्मसंगीत, म्हणजे ईश्वराचं भक्तिगीत म्हणून छापून आलं. आणि गाण्याला कडवी पाच आहेत, आपण म्हणतो फक्त पहिलं. चौथ्यात भाग्यविधात्याला उद्देशून म्हटलंय : ‘दुःस्वप्ने आतंके रक्षा करिले अंके, स्नेहमयी तुमि माता’. भीतीच्या, वाईट स्वप्नांच्या रात्री तू मांडीवर घेऊन जपलंस, तू मायाळू आई आहेस. ही ओळ मी वर्गात फळ्यावर लिहिली होती. मागच्या बाकावरची मुलगी पटकन म्हणाली, “बाई, राजाला कुणी आई म्हणतं का?” मी तोवर जॉर्जबद्दल चकार शब्द काढला नव्हता. घरून ऐकून आली होती ती. म्हणून म्हणते, आपण गप्प राहून काही उपयोग नाही.

कडुनिंब
‘माता’ हा मुद्दा वजनदार आहे, मान्य. ‘राजेश्वर’ मला अजून खटकतो, पण ईश्वरालाही तसं म्हणतात हे खरं. तरी दरबार आणि ठराव गोष्टीतून गाळू नका.

सांजवात
चौथं कडवं मीही पहिल्यांदाच वाचलं, डोळे भरून आले. हे मुलांना जरूर शिकवा. आंध्रातलं मदनपल्लेही घ्या. १९१९ मध्ये तिथल्या कॉलेजात रवींद्रनाथांनी हे गाणं स्वतः म्हणून दाखवलं आणि आयरिश संगीतज्ञ मार्गारेट कझिन्स यांनी त्याचं स्वरलेखन केलं. शेवटी २४ जानेवारी १९५० ला संविधान सभेत ते राष्ट्रगीत झालं. पाचवीला एवढं पुष्कळ. पत्रं, ठराव, वर्तमानपत्रं आठवीसाठी ठेवा. यावर मी हटणार नाही.